सुळ्यावरचा मसाला

अंबरनाथ (पूर्व)
१२ जून २००७

चि. मनाली हिस बबनकाकाचा जयभीम.

पत्र लिहितोय, कारण फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू घाईत बोलतेस. तुझ्या क्लिनिकच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकतोय. घरी टाकलं असतं तर ते आनंदाच्या हाती पडलं असतं, आणि तुझ्या बापाला उगीच त्रास द्यायची माझी इच्छा नाही. तो माझा चुलत भाऊ असला तरी सख्ख्यासारखा आहे.

मुद्द्याचं लिहितो. मार्चमध्ये तू माझ्या डावीकडच्या सुळ्यावर आणि शेजारच्या दातावर हिरडीलगत मसाला भरलास. गार पाण्याची कळ थांबली, ते मी कबूल करतो. भरला त्या दिवशी आरशात पाहिलं तर दात कुठे संपतो आणि मसाला कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. मी विहारात सगळ्यांना ओठ वर करून दाखवलं. माझी पुतणी, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये तिचा दवाखाना, असं अभिमानाने सांगितलं.

आता तीन महिने झाले नाहीत तर मसाल्याची चमक गेली. ओठाला आतून खरखर लागते. रंग तर असा झालाय की चांगुणा म्हणते, चहाची बशी विसळायची राहिली वाटतं. तू सांगितलं होतंस, काका, स्वच्छ ठेवा, दोन्ही वेळा घासा. मी दोन्ही वेळा घासतो. पहिल्यापेक्षा जास्तच घासतो. तरी हे असं.

मनाली, मी चौथी शिकलेला माणूस. मला तुझ्या विद्येतलं कळत नाही. पण मसाला हलका निघाला, एवढं कळतं. तू फसवलंस असं म्हणत नाही. तुला कुणीतरी फसवलं असेल. उल्हासनगरात काय खरं आणि काय नकली, देव जाणे.

आपल्या विहार कमिटीचे दौलतराव दाढेत चांदी भरायला तुझ्याकडे येणार होते. त्यांनी विचारलं, रोकडे, टिकलं का काम? मी खोटं बोलत नाही. जे आहे ते दाखवलं.

काय करायचं ते कळव.

बबनकाका

*

उल्हासनगर, कॅम्प ४
१८ जून

ती. बबनकाकांस मनालीचा जयभीम.

तुमचं कार्ड मिळालं. माझ्या आधी ते खालच्या शिलाई मशीनच्या दुकानात मिळालं, कारण पोस्टमन आमचं टपाल तिथेच ठेवतो. दुकान आणि वरची माझी खोली, दोन्ही लछमनदासशेठची. ते मराठी सावकाश वाचतात पण वाचतात. कार्ड हातात देताना म्हणाले, "डॉक्टर, अंकल का मसाला निकल गया क्या?" दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. काका, यापुढे कृपा करून बंद पाकीट पाठवा.

मसाला नकली नाही. चांगल्या कंपनीचा आहे, मी स्वतः सील तोडून वापरते. तुम्ही दात कशाने घासता ते लिहिलं नाहीत. तेच लाल दंतमंजन का, सुटं आणता ते? मार्चमध्ये मी ते बंद करा म्हणाले होते. तुम्ही मान हलवली होती. तुम्हाला तेव्हा ऐकू आलं नसेल, असं आता वाटतं.

मंजन आजपासून बंद. पेस्ट वापरा. आणि एकदा येऊन दाखवा, मला बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही. संध्याकाळी कधीही या.

दौलतरावांचा फोन आला होता. दाढ आता दुखत नाही म्हणाले.

चांगुणाकाकूंना जयभीम.

तुमची
मनाली

*

अंबरनाथ
२ जुलै

चि. मनाली,

पाकिटात घालून पाठवतोय. तू म्हणालीस म्हणून. मला तर कार्डात काही वावगं वाटत नाही. खरं बोलायला पाकीट कशाला लागतं?

यायला जमलं नाही. पाऊस, गुडघा आणि तुमच्या कॅम्पातले रस्ते. त्यात दोनदा विचार करून चप्पल घातली आणि दोनदा काढली. मनात राग असताना नातेवाइकाच्या दारात जाऊ नये.

मंजन बंद केलं. त्या मंजनावर माझा बाप जगला आणि त्याचे दात त्याच्याबरोबर गेले, ते सोड. तुझ्या शब्दाखातर बंद केलं. पेस्ट आणायला स्वतः गेलो. दुकानदाराला म्हटलं, दातावरचे डाग जातील अशी जोरदार पेस्ट दे. त्याने दिली. खोक्यावर एक माणूस दात काढून हसतोय आणि दातातून उजेड येतोय. ब्रशही नवा घेतला, हार्ड. जुना फुलून झाडूसारखा झाला होता.

तर आता ऐक. पंधरा दिवस त्या पेस्टने घासतोय, डाग जाईपर्यंत घासतोय. डाग सकाळी जातो आणि दुपारच्या चहाला परत येतो. मसाला पूर्वी नुसता खरखरीत होता, आता कडेला खाच लागते. म्हणजे मंजनाचा दोष नव्हता. तुझंच ऐकलं आणि जास्त बिघडलं.

चांगुणा न्हाणीच्या दाराशी उभी राहून म्हणते, "अहो, दात घासताय का भांडी? शेजारच्या मुली विचारतात, काकी, तुमच्याकडे मशीन चालू असतं का सकाळी?" तिला काय सांगणार. मी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात जन्मभर बफिंगला उभा राहिलो. घासल्याशिवाय चमक येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. मनगटात जोर पाहिजे. ज्याला घासून चमक येत नाही, तो माल खोटा. हा माझ्या धंद्यातला नियम आहे.

विहारात वर्षावासाचं वाचन सुरू होणार म्हणून सगळे साफसफाईला जमले होते. तिथे पुन्हा विषय निघाला. मी काढला नाही, दौलतरावांनी काढला. मी फक्त ओठ वर केला. आनंदाही भेटला होता, बदलापूरहून आला होता. त्यालाही दाखवलं. तो मान खाली घालून गेला. मला वाईट वाटलं. पण मी काय करू?

बबनकाका

*

उल्हासनगर, कॅम्प ४
९ जुलै

ती. काकांस,

आज रागात लिहितेय, म्हणून आधीच माफी मागते.

तुम्ही विहारात ओठ वर केलात तेव्हापासून अंबरनाथहून एकही माणूस माझ्याकडे आलेला नाही. काका, माझं क्लिनिक म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली आहे. इथल्या सिंधी कुटुंबांचे आपापले ठरलेले डॉक्टर आहेत, ते माझ्याकडे का येतील? माझी सगळी भिस्त आपल्या लोकांवर होती. तुमच्यावर होती. तुम्ही माझे पहिले पेशंट. शेठनी स्पष्ट सांगितलंय, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर या जागेसाठी मोबाईलवाला तयार आहे. बाबा तुमचा दात बघून आल्यापासून म्हणतायत, बंद कर, कुणाच्या हाताखाली नोकरी धर, आपल्या लोकांत हसू होतंय. तुम्ही काय केलंत ते कळावं म्हणून हे लिहिलं.

आता मसाल्याचं. तुमच्याच धंद्याच्या भाषेत सांगते.

तुमच्या दातातला मसाला स्टीलसारखा एकजीव नसतो. त्यात दोन वस्तू असतात. एक मऊ, प्लास्टिकसारखी, आणि तिच्यात बसवलेले काचेसारखे कठीण बारीक कण. मी तो भरते, मग जाड चकतीने घासते, मग तिच्याहून बारीक, मग त्याहूनही बारीक, तेव्हा कुठे तो दातासारखा दिसतो. तुम्ही घासायचे एमरी पेपर असेच वापरत होतात ना? शेवटच्या बारीक पॉलिशनंतर कुणी त्याच भांड्यावर पुन्हा खरबरीत एमरी मारली तर तुम्ही त्याला कारखान्यात ठेवलं असतं का?

तुमचं मंजन म्हणजे ती खरबरीत एमरी. मऊ भाग आधी झिजतो, कठीण कण उघडे पडतात, मग गळून जातात आणि तिथे खड्डे राहतात. चहा त्या खड्ड्यांत बसतो. तुम्ही चहाचा डाग काढायला आणखी जोरात घासता, आणखी खड्डे पडतात. दात पांढरे करणाऱ्या पेस्टमध्येही असे घासणारे कण जास्त असतात, त्याशिवाय डाग निघणार कसे? पेस्ट वापरा म्हणाले तेव्हा साधी पेस्ट म्हणायला हवं होतं, ती माझी चूक. पण हार्ड ब्रश मी सांगितला नव्हता.

आणि आणखी एक, जे मार्चमध्ये तुम्ही ऐकलं नाहीत. तुमच्या दातांना कीड नव्हती. हिरडीलगत ज्या खाचा होत्या त्या ब्रशने पाडलेल्या होत्या. तुम्ही उजव्या हाताने घासता, म्हणून डावीकडच्या जास्त खोल. मसाला खोटा असता तरी तुमचा जन्माचा दात तरी खरा होता ना? तोही तुम्ही घासून खाल्लात.

मनाली

*

अंबरनाथ
२० ऑगस्ट

चि. मनाली,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण राग आला होता. तुझ्या वयाच्या मुलीने मला एमरी शिकवावी, हे मला झोंबलं. पत्र चांगुणाला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "पोरगी बरोबर बोलते. तुम्हाला कुठली गोष्ट हलक्या हाताने जमली आहे?" दोन दिवस तिच्याशीही बोललो नाही.

मग मनात आलं, बघू तरी. घरात चांगुणाची मेलामाईनची ताटली होती, पांढरी, काठाला फुलं. पोरीने मसाला प्लास्टिकसारखा लिहिलाय, तर हिच्यावर बघावं. एका बाजूला लाल मंजन, एका बाजूला ती उजेडाची पेस्ट आणि हार्ड ब्रश, आणि एक बाजू साधी पेस्ट लावून आकाशच्या मऊ ब्रशने. आकाश म्हणजे नातू, त्याला सांगितलेलं नाही. सकाळ-संध्याकाळ मोरीत बसून घासलं. मंजनाच्या बाजूचं फूलच गेलं. पेस्टच्या बाजूची चमक गेली, उजेडात धरलं की बारीक ओरखडे दिसतात. मऊ ब्रशच्या बाजूला हात फिरवला तर फरक कळत नाही. त्यावर चहा ओतून ठेवला. कुठे बसला ते तुला सांगायला नको.

चांगुणाने ताटली बघितली. म्हणाली, "दात झाले, आता ताटली. माझ्यापासून जरा लांब बसा."

मी मुकाट्याने तुझ्याकडे यायला निघालो. परवा दुपारी आलो होतो. जिना चढलो तर कुलूप. खाली तुझे शेठ बसले होते. म्हणाले, "डॉक्टर मॅडम तो अब शाम को आती है. दिन में शहाड में नौकरी करती है, बडे डॉक्टर के पास." मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. मग विचारलं, "आप वो कार्डवाले अंकल?" मी हो म्हणालो. ते गिऱ्हाइकाकडे वळले. बोलले असते तर बरं झालं असतं.

मला हे कुणी का सांगितलं नाही? आनंदाने नाही, तू नाही. मला जेवण गेलं नाही. नोकरी धरलीस म्हणजे क्लिनिक सोडलंस का? लगेच लिही. फोन करू नकोस, मला अर्धवट ऐकू येईल आणि मी रात्रभर उरलेलं स्वतःच्या मनाने भरीन.

बबनकाका

*

शहाड
२५ ऑगस्ट

ती. बबनकाकांस,

सोडलेलं नाही. सकाळी शहाडला सिनिअर डॉक्टरांकडे असते, संध्याकाळी कॅम्प चारला. इथून मिळतं त्यातून तिथली जागा धरून ठेवलीय. दिवाळीपर्यंत. पुढचं मला माहीत नाही. संध्याकाळी खुर्ची पुसते, दिवा लावते आणि बसते. कधी कोणी येतं, बऱ्याचदा नाही.

बाबांचा आग्रह चालूच आहे. त्यांचं म्हणणं, ज्या बबनदादाने तुला लहानपणी शाळेत पोचवलं तोच नावं ठेवतोय, तर काहीतरी असेलच. तुमच्या शब्दाला ते किती मानतात हे तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही ताटली घासलीत हे वाचून मी इथल्या पेशंटसमोर हसले. काकूंना नवीन ताटली माझ्याकडून.

मला तुमच्याकडून एकच हवंय. जे विहारात ओठ वर करून सांगितलंत, ते आता खाली करून सांगा. की मसाला चांगला होता आणि घासणं चुकलं. एवढं केलंत तरी खूप.

तुमचा दात नव्याने भरायला लागेल असं वाटत नाही. पॉलिश करून आणि कडेला थोडं भरून होईल. संध्याकाळी या. जेवून या, न जेवता घाबरता तुम्ही.

मनाली

*

अंबरनाथ
१० सप्टेंबर

चि. मनाली,

तू सांगितलंस तसं केलं. काही उपयोग झाला नाही. डोकं फिरायची वेळ आली आहे.

रविवारी त्या दिवसाचं वाचन संपलं, खीर वाटली, सगळे बसलेले. मी उभा राहिलो. आयुष्यात सभेत कधी उभा राहिलो नव्हतो. म्हटलं, मनालीचं काम चोख होतं, मी चुकीचं घासलं, मंजन खरबरीत, मसाल्यात मऊ आणि कठीण असे दोन भाग असतात, वगैरे. तू लिहिलेलं जवळजवळ पाठ केलं होतं.

दौलतराव हसले. म्हणाले, "बसा रोकडे. आनंदाची पोर आहे, तुम्ही झाकणारच. घरातलं माणूस, कोण नाही झाकत?"

मी म्हटलं, "अहो, मी झाकत नाही. जूनमध्ये मीच तर नाव ठेवलं."

"तेव्हा खरं बोललात. आता आनंदा येऊन रडून गेला असेल."

"आनंदा आला नाही."

"मग बायको बोलली असेल."

सगळे हसले. विठाबाई म्हणाली, "मंजनाने दात खराब होतात होय? माझी सासू जन्मभर मंजन लावत होती." मी विचारलं, सासूचे दात होते का शेवटी? तर ती रागावली. आता तिच्या घरचेही माझ्याशी बोलत नाहीत.

बघ कसं आहे. वाईट बोललो तर एका दमात पटलं. ओठ वर केला आणि पटलं. चांगलं सांगायला उभा राहिलो, घसा कोरडा केला, तर कुणाला पटत नाही. ताटली घेऊन गेलो असतो तर म्हणाले असते, ताटलीचं ताटलीला, दाताचं दाताला. घरी येऊन मी ताटली बादलीत टाकली. चांगुणाने परत काढली. म्हणाली, "खराब आहे पण फुटकी नाही."

रात्री पडल्या पडल्या एक सुचलं, ते लिहितो. हसू नकोस.

आमच्या कारखान्यात नवा व्यापारी आला की साहेब त्याला तोंडाने काही सांगत नसत. एक ताट घ्यायचे, अर्धं झाकून अर्धंच माझ्याकडे पॉलिशला द्यायचे. तेच ताट, तोच पत्रा, अर्धं काळपट आणि अर्धं आरसा. व्यापाऱ्याच्या हातात द्यायचं. तो ताट फिरवून बघायचा आणि ऑर्डर द्यायचा. अर्धं सोडल्याशिवाय अर्ध्याची किंमत कळत नाही.

तर तू माझा एकच दात कर. सुळा पॉलिश कर. शेजारचा आहे तसा ठेव, खरखरीत आणि चहाचा. दोन्ही एकाच दिवशी भरलेले, एकाच मसाल्याने, एकाच हाताने, हे सगळ्यांना माहीत आहे, मीच मार्चमध्ये दाखवत फिरलो होतो. आता सुळ्यावर मसाला तोच राहील, फक्त चकती फिरेल. मग दाखवतो.

बुधवारी संध्याकाळी येतो. जेवून येतो.

बबनकाका

*

उल्हासनगर, कॅम्प ४
१४ सप्टेंबर

ती. काकांस,

परवा तुम्ही खुर्चीत होतात आणि ऐकायचं यंत्र घरी विसरला होतात, म्हणून पुन्हा लिहून देते.

सुळ्यावर नवा मसाला घातलेला नाही. नुसतं पॉलिश केलं. कडेची खाच बारीक होती, तेवढ्यात निघाली. कुणी विचारलं तर खात्रीने सांगा.

शेजारचा दात तुमच्या हट्टाखातर सोडलाय, माझ्या मनाविरुद्ध. डॉक्टर म्हणून असं सोडायला नको. खरबरीत मसाल्यावर मळ धरतो, हिरडी सुजते. म्हणून दिवाळीपर्यंतच. हिरडीतून रक्त आलं तर त्याआधी यायचं. ब्रश मी दिलाय तोच, मऊ. पेन धरता तसा धरायचा, मुठीत नाही. पेस्ट वाटाण्याएवढी. दात घासताना आवाज आला तर थांबायचं.

तुम्ही गेल्यावर शेठ वर आले होते. म्हणाले, "अंकल नीचे सबको दात दिखा के गये. एक साफ, एक गंदा. ये कौनसी स्कीम है?" मी सांगितलं. ते बराच वेळ हसत होते. मग त्यांनी स्वतःचा पुढचा दात दाखवला.

मनाली

*

अंबरनाथ
२९ ऑक्टोबर

चि. मनाली,

तुझा निरोप मिळाला, दिवाळी आली, या आणि दुसरा दात करून घ्या. इतक्यात येणार नाही. कारण लिहितो.

पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. लोक सुळा बघायचे आणि म्हणायचे, नवा भरून आणला असेल. वाद घालून माझं तोंड दुखलं. शेवटी मी बोलणंच सोडलं. कुणी विषय काढला की ओठ वर करायचा आणि गप्प बसायचं, कारखान्यातल्या ताटासारखं. रोज चहा प्यायचो तोही सगळ्यांसमोर. शेजारचा दात दिवसेंदिवस काळा होत गेला, सुळा तसाच राहिला. लोकांनीच ध्यानात ठेवलं. विठाबाई मला रस्त्यात थांबवून म्हणाली, दाखवा हो, आज कसा आहे? आता बोलते ती.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता झाली. दौलतराव जेवणानंतर मला खिडकीशी घेऊन गेले. चष्मा वर केला, खिशातून टॉर्च काढली. बराच वेळ बघत होते. त्यांच्या तोंडाला लसणाचा वास होता, तरी मी हललो नाही. म्हणाले, "दोन्ही एकाच दिवशी भरले होते ना? मार्चमध्ये?" मी मान हलवली. "आणि हा नवा नाही?" मी काहीच बोललो नाही. ते म्हणाले, "ब्रश कसला वापरता म्हणालात?" पुढे म्हणाले, "संध्याकाळी किती वाजेपर्यंत असते ती?"

चुकलो असं म्हणाले नाहीत, म्हणणारही नाहीत. पण गुरुवारी येतील. दाढ दुखत नाही असं सांगतील, विश्वास ठेवू नकोस, उजवीकडून चावत नाहीत ते. विठाबाईच्या घरचे दोघं त्यांच्या मागून येतील. मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस, नाहीतर म्हणतील काकाने गिऱ्हाईक पाठवलं.

हिरडी थोडी सुजली आहे. खोटं सांगत नाही. दाबलं की ठणकते. चांगुणा रोज ओरडते, "आता पुरे झालं तुमचं प्रदर्शन, लोकांना पटलं, जा आणि करून या." तिचं बरोबर आहे. रात्री मलाही काळजी वाटते, दात गेला तर काय. पण दौलतराव परके आहेत, त्यांचं पटलं न पटलं सारखंच. ज्याच्या एका शब्दावर तू दिवाळीनंतर कुलूप लावशील, त्याने सुळा पॉलिश झाल्यावर अजून बघितलेलं नाही. दोनदा निरोप पाठवला, आनंदा आला नाही. माझ्यावर चिडलाय की काय कळत नाही. चिडला असला तरी त्याचं खरं आहे.

तेव्हा रविवारी मीच बदलापूरला येतो. तो घरी असेल असं बघ. त्याला आधी काही सांगू नकोस. मी त्याला दाराबाहेर उजेडात नेईन आणि तोंड उघडीन. त्याने दोन्ही दात बघितले की तिथून आपण तिघं तुझ्या क्लिनिकला जाऊ. तू दिवा लाव आणि शेजारचा दात त्याच्यासमोर घास. त्याने उभं राहून बघायला पाहिजे, पोरगी हाताने काय करते ते.

बबनकाका